संप्रेरकांचा आकडा आणि माणसाचे मोजमाप

स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या महापीठाने १० जुलै २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या हिला अंशतः न्याय दिला. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या तक्रारीची छाननी पुरेशा काटेकोरपणे केली नाही, त्यामुळे न्याय्य सुनावणीचा तिचा हक्क डावलला गेला, असे महापीठाने म्हटले. ज्या नियमामुळे तिची कारकीर्द खुंटली, त्या नियमाच्या योग्यायोग्यतेवर मात्र न्यायालयाने निर्णय दिला नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, म्हणजे १ सप्टेंबर २०२५ पासून, जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने जागतिक स्पर्धांच्या महिला गटात उतरण्यासाठी एका जनुकाची चाचणी सक्तीची केली. रक्तातील टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावर स्त्रीत्वाची पात्रता ठरवण्याचा जो प्रयोग २०११ मध्ये सुरू झाला होता, तो अशा रीतीने मुख्यतः गुंडाळला गेला.

या प्रयोगाची वाटचाल मोठी उद्बोधक आहे. २०११ मध्ये मर्यादा होती प्रतिलिटर १० नॅनोमोल. २०१८ च्या नियमांत ती पाचवर आली, तीही ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींसाठी. २०२३ मध्ये ती अडीचवर आणण्यात आली आणि सर्व क्रीडाप्रकारांना लागू झाली. बारा वर्षांत मर्यादा दोनदा निम्मी झाली. या काळात स्त्रियांच्या शरीरात काही बदल झाला होता असे नव्हे. बदलत होते ते आकड्याकडे पाहण्याचे शास्त्रज्ञांचे आणि प्रशासकांचे निकष. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला २०१४ मध्ये याच आकड्यामुळे ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेला मुकावे लागले होते. क्रीडा लवादाने जुलै २०१५ मध्ये तो नियम स्थगित केला, तेव्हा लवादाचा मुख्य आक्षेप हाच होता की, नैसर्गिकरीत्या जास्त असलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे नेमका किती फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा संघटनेने दिलेला नाही.

खेळाच्या मैदानावरचा हा वाद एका मोठ्या प्रश्नाचे केवळ दर्शनी टोक आहे. एखाद्या संप्रेरकाचे ‘योग्य’ प्रमाण कोणते, ते कोणत्या लोकांत मोजले, कोणत्या पद्धतीने मोजले आणि ते जगातील इतर लोकांना लागू पडते काय, हा तो प्रश्न. वंश, देश आणि समाज यांच्यात संप्रेरकांच्या पातळीत फरक असतो काय, याचा शोध गेली चार दशके चालू आहे. या शोधाने जेवढी उत्तरे दिली, तेवढेच सावधगिरीचे धडेही दिले. ते धडे प्रयोगशाळेच्या भिंतींआड राहिलेले नाहीत. शहरातल्या सर्वसामान्य माणसाच्या हाती पडणाऱ्या तपासणी अहवालापर्यंत ते येऊन पोहोचले आहेत.

मोजण्यातच मेख

संप्रेरक मोजणे हे वजन किंवा उंची मोजण्याइतके सरळ काम नव्हे. प्रौढ पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात टेस्टोस्टेरॉन असते ते ग्रॅमचा साधारण वीस लाखावा भाग. स्त्रियांमध्ये ते त्याच्या दशांशाहूनही कमी. एवढी सूक्ष्म मात्रा मोजण्याची किल्ली हाती आली ती न्यूयॉर्कमध्ये, रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या संशोधनातून. १९६० च्या सुमारास त्यांनी किरणोत्सारी मूलद्रव्य आणि प्रतिपिंडे यांच्या साहाय्याने रक्तातील इन्सुलिन मोजण्याची पद्धत सिद्ध केली. बर्सन १९७२ मध्ये निवर्तले. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या बहुतेक संप्रेरक चाचण्या या पद्धतीच्याच पुढच्या पिढ्या आहेत.

परंतु प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीला एक मूलभूत मर्यादा आहे. प्रतिपिंड ज्या रेणूला चिकटणे अपेक्षित असते, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या रेणूलाही ते कधीकधी चिकटते. मात्रा मोठी असेल तर ही चूक खपून जाते. मात्रा कमी असेल तर तीच चूक निष्कर्ष उलटा करू शकते. २००३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी टेस्टोस्टेरॉनच्या दहा प्रचलित चाचण्यांची तुलना मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक अचूक पद्धतीशी केली. पुरुषांच्या बाबतीत चित्र बरे होते; स्त्रिया आणि बालके यांच्या बाबतीत मात्र या चाचण्यांचे आकडे विश्वासार्ह नसल्याचे निष्पन्न झाले. ज्या पातळीवर खेळाडूंचे भवितव्य ठरवायचे होते, नेमक्या त्याच पातळीवर साधने सर्वांत दुबळी होती.

दुसरी अडचण शरीराच्या घड्याळाची. तरुण पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि संध्याकाळपर्यंत ठळकपणे खाली येते. उपवास, आजारपण, अपुरी झोप, लठ्ठपणा, एवढेच काय, नुकतीच जिंकलेली स्पर्धा यांचाही त्यावर परिणाम होतो. स्त्रियांच्या संप्रेरकांना मासिक पाळीच्या दिवसांचा हिशेब लागतो. तिसरी अडचण अशी की, रक्तातील बहुतांश टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते. पूर्ण मोकळे असते ते जेमतेम एक-दोन टक्के. एकूण प्रमाण मोजावे की मोकळे, यावर दोन समाजांमधील फरक कधी दिसतो, तर कधी नाहीसा होतो. दुर्गम भागांत रक्त घेणे आणि टिकवणे कठीण म्हणून मानववंशशास्त्रज्ञ लाळेचा आधार घेतात. पण लाळ गोळा करण्यासाठी कापूस वापरला तरी टेस्टोस्टेरॉनचा आकडा बदलतो, हे त्यांना अनुभवाने कळले. अशा परिस्थितीत एका खंडातील आकडा उचलून दुसऱ्या खंडातील आकड्याशेजारी ठेवणे किती धोक्याचे आहे, हे सांगायला नकोच.

शंभर विद्यार्थ्यांची गोष्ट

या धोक्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९८६ चे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा बरेच अधिक आहे. त्याचे कारण शोधताना लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी ५० कृष्णवर्णीय आणि ५० श्वेतवर्णीय महाविद्यालयीन तरुणांचे रक्त तपासले. कृष्णवर्णीय तरुणांत टेस्टोस्टेरॉन सरासरी १९ टक्के जास्त आढळले. वय, वजन, मद्यपान, धूम्रपान आदी गोष्टींचा हिशेब केल्यावर हा फरक १५ टक्क्यांवर आला. संशोधकांचा उद्देश वैद्यकीय होता आणि हा फरक कर्करोगातील तफावतीचे स्पष्टीकरण देऊ शकेल, एवढेच त्यांचे अनुमान होते.

पुढे मात्र या शंभर विद्यार्थ्यांचे आकडे त्यांच्या हातून निसटले. वंशावंशांमध्ये बुद्धी, वर्तन आणि गुन्हेगारी यांचे उपजत भेद असतात, असे मांडणाऱ्या लेखकांना हे आकडे आयतेच सापडले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जे. फिलिप रश्टन यांच्या १९९५ च्या पुस्तकात टेस्टोस्टेरॉनला वंशभेदाच्या सिद्धान्तात स्थान मिळाले. एका शहरातील एका वयोगटाच्या शंभर तरुणांवरून कोट्यवधी माणसांच्या स्वभावाचे निदान करण्यात आले. शास्त्राच्या नावाने पूर्वग्रहाला प्रतिष्ठा कशी मिळते, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

प्रत्यक्षात नंतरच्या अभ्यासांनी त्या निष्कर्षाचा पाया खिळखिळा केला. २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातील सुमारे चौदाशे पुरुषांच्या रक्ताचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. हा नमुना संपूर्ण देशाचे प्रतिनिधित्व करणारा होता. त्यात कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये उल्लेखनीय फरक आढळला नाही. सर्वाधिक पातळी आढळली ती मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी पुरुषांत. फरक होता तो इस्ट्रोजेनमध्ये, ज्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. २०१४ मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा मोकळ्या टेस्टोस्टेरॉनमधील फरक अवघा अडीच ते पाच टक्क्यांच्या घरात असल्याचे दिसले. दरम्यान, २००८ मध्ये १८ अभ्यासांतील ३,८८६ रुग्ण आणि ६,४३८ निरोगी पुरुष यांची माहिती एकत्र केली असता, रक्तातील टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि प्रोस्टेटचा कर्करोग यांत संबंध आढळला नव्हता. म्हणजे ज्या दुव्यासाठी हा सारा खटाटोप झाला, तो दुवाच ढिला निघाला.

सिल्हेट ते लंडन

मग समाजासमाजांत संप्रेरकांचे फरक नसतातच काय? तसे म्हणणेही वास्तवाला सोडून होईल. फरक असतात, आणि कधीकधी ते मोठे असतात. प्रश्न आहे तो त्यांच्या कारणांचा. त्याचे उत्तर शोधण्याचा सर्वांत नेटका मार्ग स्थलांतरितांनी उपलब्ध करून दिला आहे.

बांगलादेशातील सिल्हेट भागातून ब्रिटनमध्ये, विशेषतः लंडनमध्ये, मोठ्या संख्येने कुटुंबे गेली. एकच वंश, एकच भाषा, बहुधा एकाच प्रकारचा आहार. बदलले ते बालपणाचे वातावरण. ब्रिटिश संशोधकांनी या समाजातील स्त्रियांचे प्रोजेस्टेरॉन मोजले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, ज्या मुली बालवयात लंडनला आल्या, त्यांचे प्रौढपणीचे प्रोजेस्टेरॉन सिल्हेटमध्येच राहिलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त होते. ज्या मोठेपणी स्थलांतरित झाल्या, त्यांची पातळी मायदेशातील स्त्रियांसारखीच राहिली. २०१८ मध्ये ३५९ पुरुषांवरील अभ्यासाने हेच सूत्र टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत दाखवून दिले. ब्रिटनमध्ये बालपण गेलेल्यांची पातळी अधिक, उंची जास्त आणि वयात येण्याचा काळ लवकर. प्रौढ वयात आलेल्यांची पातळी गावी राहिलेल्यांसारखी.

याचा अर्थ स्पष्ट आहे. शरीर लहानपणीच आजूबाजूची परिस्थिती जोखते. वारंवार जंतुसंसर्ग होत असेल, तर वाढ आणि प्रजनन यांवर होणारा खर्च आवरता घेऊन ते प्रतिकारशक्तीकडे ऊर्जा वळवते. पुढे परिस्थिती सुधारली तरी हा बालपणीचा हिशेब फारसा बदलत नाही. संप्रेरकाची पातळी ही अशा अर्थाने वंशाची मोहोर नसून बालपणाची नोंदवही आहे.

इतर समाजांतील निरीक्षणे याला पूरक आहेत. २००२ मध्ये अमेरिका, काँगो, नेपाळ आणि पराग्वे येथील पुरुषांच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉनची तुलना झाली. तरुणपणी फरक मोठे होते आणि अमेरिकी तरुण सर्वांत वर होते. वय वाढत गेले तसे हे फरक पुसट होत गेले. म्हणजे वयानुसार होणारी टेस्टोस्टेरॉनची जी घसरण पाश्चात्त्य वैद्यकाने पुरुषजातीचा नियम मानली, ती बऱ्याच अंशी सुबत्तेत गेलेल्या तारुण्याच्या उंच पातळीची दुसरी बाजू ठरते. बोलिव्हियातील त्सिमाने या जंगलाच्या आधाराने शेती आणि शिकार करणाऱ्या समाजातील पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन अमेरिकी पुरुषांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले. मात्र फुटबॉलचा सामना खेळल्यावर तेही ३० टक्क्यांनी उसळले, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. कमी पातळी असलेले हे पुरुष ना दुबळे होते, ना आजारी. त्यांचे शरीर वेगळ्या परिस्थितीशी जुळवून घेतलेले होते, इतकेच.

सामाजिक भूमिकांचाही यात वाटा आहे. टांझानियात शेजारी राहणाऱ्या दोन समाजांपैकी हाड्झा पुरुष मुलांच्या संगोपनात सहभागी होतात. दातोगा पुरुष फारसे होत नाहीत. २००९ च्या अभ्यासात हाड्झा वडिलांचे टेस्टोस्टेरॉन अपत्यहीन पुरुषांपेक्षा कमी आढळले. दातोगांमध्ये असा फरक दिसला नाही. फिलिपाइन्समधील सेबू येथे ६२४ तरुणांचा काही वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यात जे वडील झाले त्यांची पातळी घसरली आणि जे मुलांची प्रत्यक्ष काळजी घेत होते त्यांची अधिक घसरली, हे २०११ मध्ये पुढे आले. ‘जास्त म्हणजे चांगले’ हे सूत्र जाहिरातदारांचे असेल. निसर्गाचे नक्कीच नाही.

आशियाई वंशाच्या वृद्ध पुरुषांची २०१० मधील पाहणीही येथे आठवावी लागेल. अमेरिका, स्वीडन, हाँगकाँग, जपान आदी ठिकाणच्या सुमारे पाच हजार पुरुषांच्या या अभ्यासात हाँगकाँग आणि जपानमधील पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघाले. अमेरिकेत राहणाऱ्या आशियाई पुरुषांत मात्र तसे आढळले नाही. वंश एक, देश निराळे आणि आकडेही निराळे.

मापच पक्षपाती निघाले तेव्हा

काही वेळा फरक माणसांत नसतो, मापात असतो. शरीरात संप्रेरकासारखे कार्य करणाऱ्या ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत २०१३ मध्ये हेच घडले. कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी असते, तरी त्यांची हाडे मजबूत असतात, हे जुने कोडे. बाल्टिमोर येथील दोन हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीतून त्याचे आकर्षक उत्तर पुढे आले. हे जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिनच कृष्णवर्णीयांत कमी असल्याने मोकळ्या जीवनसत्त्वाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहते, असे ते उत्तर. एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध आला आणि त्याचा सर्वत्र गाजावाजा झाला.

थोड्याच वर्षांत त्यातील दोष उघड झाला. या प्रथिनाचे आनुवंशिक प्रकार अनेक आहेत आणि त्यांपैकी एक आफ्रिकी वंशाच्या लोकांत विशेष आढळतो. चाचणीत वापरलेले प्रतिपिंड नेमके त्याच प्रकाराला नीट ओळखत नव्हते. मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजले, तेव्हा दोन्ही गटांतील प्रथिनाचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. वांशिक भेद म्हणून जगापुढे आलेली गोष्ट वस्तुतः एका रसायनाची आंधळी बाजू होती. लोकसमूहांची तुलना करताना आधी मापाची परीक्षा घ्यावी लागते, हा धडा यातून मिळाला. सर्व गटांना एकाच मापाने मोजले म्हणजे न्याय झाला, असे समजण्याचे कारण नाही. ते माप सर्वांना सारखेच ओळखते की नाही, हेही पाहावे लागते.

पुण्याच्या बाळांचे इन्सुलिन

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. या गावांतील बाळांचे जन्मावेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू आणि पोटातील अवयव यांत पुण्याची बाळे बरीच मागे होती. त्वचेखालच्या चरबीत मात्र तितकी मागे नव्हती. ‘बारीक पण स्थूल’ असे हे बाळ जगभरच्या वैद्यकीय साहित्यात परिचित झाले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पुण्यातील बाळांच्या नाळेतील रक्तात इन्सुलिनचे प्रमाण लंडनच्या श्वेतवर्णीय बाळांपेक्षा जास्त आढळले. मधुमेहाची पूर्वतयारी भारतीयांच्या शरीरात जन्मापासूनच असू शकते, याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला.

डॉ. याज्ञिक यांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ असा तंतोतंत सारखा. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. युरोपातील लोकांवर बेतलेला मापदंड भारतीयांना जसाच्या तसा लावला, तर काय हुकते, हे त्या एका छायाचित्राने दाखवून दिले.

मग हा फरक वांशिक मानायचा काय? पुण्याच्या संशोधनाचे मोल असे की ते या सोप्या उत्तरापाशी थांबले नाही. मातेचे पोषण, विशेषतः ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि त्याच्या जोडीला फोलेटचे जास्त प्रमाण, यांचा सहा वर्षांच्या मुलांमधील इन्सुलिन-प्रतिरोधाशी संबंध असल्याचे २००८ मध्ये दिसून आले. दुसरीकडे, सुरीनाममध्ये चार-पाच पिढ्यांपासून राहणाऱ्या भारतीय वंशाच्या बाळांतही हीच ‘बारीक पण स्थूल’ ठेवण आढळल्याचे २००९ च्या अभ्यासाने नोंदवले. म्हणजे काही फरक एका पिढीत पुसले जातात, तर काही पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. ते जनुकांमुळे टिकतात की आईच्या शरीरातून लेकीच्या शरीरात जाणाऱ्या पोषणाच्या वारशामुळे, याचा उलगडा अद्याप पूर्ण झालेला नाही. सिल्हेटची कथा आणि सुरीनामची कथा एकमेकींशी न जुळणाऱ्या वाटल्या, तरी दोन्ही खऱ्या आहेत. म्हणूनच एकाच सूत्रात सारे बसवण्याचा मोह टाळायला हवा.

तपासणी अहवालातील तारांकित आकडा

हा सारा ऊहापोह केवळ विद्वानांच्या कामाचा आहे, असे कोणाला वाटेल. परंतु शहरातील एखाद्या प्रयोगशाळेचा अहवाल हाती घेतला की त्याचा संबंध लक्षात येतो. अहवालाच्या उजव्या बाजूला ‘संदर्भ मर्यादा’ छापलेली असते. आपला आकडा तिच्या बाहेर गेला की तो ठळक होतो आणि घरात काळजीचे वातावरण पसरते. ती मर्यादा कोणत्या लोकांवरून, कोणत्या वयोगटावरून आणि कोणत्या यंत्रावर ठरली, हे मात्र त्यात लिहिलेले नसते. अनेकदा ती चाचणीसंच बनवणाऱ्या कंपनीकडून आलेली असते.

पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनची आज सर्वाधिक काटेकोर मानली जाणारी मर्यादा २०१७ मध्ये जाहीर झाली. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका प्रमाणावर आणून, १९ ते ३९ वर्षे वयाच्या लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांसाठी ती प्रति डेसिलिटर २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम अशी ठरवण्यात आली. काम निःसंशय मोलाचे. पण त्यातील चारही अभ्यास अमेरिका आणि युरोपमधील होते. साठीच्या, दुपारी रक्त दिलेल्या, मधुमेह असलेल्या मुंबईकराचा आकडा या चौकटीत बसवून त्याला ‘पुरुषत्व कमी’ असल्याचे सांगणे आणि त्यावर महागड्या जेल-इंजेक्शनांचा उपाय सुचवणे, हे शास्त्र नव्हे. सकाळी उपाशीपोटी, किमान दोनदा केलेली तपासणी आणि तिच्या जोडीला प्रत्यक्ष लक्षणे असतील तरच उपचारांचा विचार करावा, असे वैद्यकीय संकेत सांगतात.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. अंडाशयातील बीजांचा साठा दर्शवणाऱ्या एएमएच या संप्रेरकाची चाचणी शहरांत सर्रास केली जाते. २०१४ मध्ये २२९ स्पॅनिश आणि २३६ भारतीय स्त्रियांच्या तुलनेतून भारतीय स्त्रियांची अंडाशये सुमारे सहा वर्षे आधी वयस्क होतात, असा निष्कर्ष निघाला. तो वारंवार उद्‌धृत केला जातो. मात्र या स्त्रिया वंध्यत्वावरील उपचारांसाठी आलेल्या होत्या, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. उपचार केंद्रात येणाऱ्या स्त्रिया म्हणजे संपूर्ण समाज नव्हे. असा निष्कर्ष पुढील संशोधनाची दिशा देऊ शकतो. तिशीतील एखाद्या तरुणीला घाबरवून सोडण्याचा आधार तो होऊ शकत नाही.

मापदंड कोणाचे?

पुन्हा खेळाच्या मैदानाकडे वळले, तर चित्र अधिक स्पष्ट होते. २०१४ मध्ये अव्वल खेळाडूंच्या टेस्टोस्टेरॉनवर दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. १५ खेळांतील ६९३ खेळाडूंच्या पहिल्या अभ्यासात १६.५ टक्के पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा कमी, तर १३.७ टक्के स्त्रियांचे स्त्रियांच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. हे रक्त स्पर्धा संपल्यानंतर दोन तासांच्या आत घेतलेले होते. दक्षिण कोरियातील डेगू येथील जागतिक स्पर्धेतील ८४९ महिला खेळाडूंच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र ९९ टक्के स्त्रिया ३.०८ नॅनोमोलच्या आत होत्या. दोन्ही अभ्यास अव्वल खेळाडूंचे, तरी चित्रे भिन्न. नमुना कोणाचा आणि केव्हा घेतला, यावर उत्तर किती अवलंबून असते, ते येथे दिसते. पुढे २०१७ मध्ये ज्या अभ्यासाच्या आधारे नवे नियम रचले गेले, त्याच्या लेखकांना २०२१ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. आपले निष्कर्ष कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत, हे त्यांनी त्यात मान्य केले. तोवर अनेक खेळाडूंच्या उमेदीची वर्षे निघून गेली होती.

महिला गटाचे संरक्षण हा उद्देश गैर नाही. स्पर्धा समान पातळीवर व्हावी, ही अपेक्षाही रास्त आहे. पण उद्देश कितीही योग्य असला तरी त्यासाठी वापरलेले माप कच्चे असेल, तर त्याची किंमत मोजावी लागते ती बहुधा गरीब देशांतील, खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलींना. जनुकाच्या चाचणीने आकड्याचा घोळ मिटेल, असे काहींना वाटते. परंतु एका रेणूऐवजी एका जनुकावर भिस्त ठेवल्याने शरीराची गुंतागुंत कमी होत नाही, हे क्रीडासंघटनांना यापूर्वीही अनुभवावे लागले आहे. गुणसूत्रांच्या आणि जनुकांच्या सरसकट चाचण्या विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीच बंद केल्या होत्या.

भारतापुरते बोलायचे, तर प्रश्न अधिक मूलभूत आहे. एवढ्या विविध आहाराच्या, हवामानाच्या आणि जीवनमानाच्या देशात ‘भारतीय’ असा एकच मापदंड तरी कितपत उपयोगी, हाही विचार करावा लागेल. गडचिरोलीतील आदिवासी तरुण आणि पुण्याच्या संगणक उद्योगातील तरुण यांच्या बालपणातील अंतर सिल्हेट आणि लंडन यांच्यातील अंतरापेक्षा कमी असेलच असे नाही. वेगवेगळ्या प्रदेशांतील, वयोगटांतील निरोगी लोकांची तपासणी प्रमाणित पद्धतीने करून मर्यादा ठरवणे, प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळतील अशी व्यवस्था उभारणे आणि अहवालावर संदर्भ मर्यादेचा आधार नमूद करणे बंधनकारक करणे, ही कामे सरकार आणि वैद्यकीय संशोधन संस्था यांनीच हाती घ्यायला हवीत. पुण्याच्या गावांतून उभे राहिलेले संशोधन पाहता, हे काम आपल्याकडे होऊ शकत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

संप्रेरकांच्या पातळीत समाजागणिक फरक आढळतात, ही वस्तुस्थिती आहे. पण त्या फरकांत रक्ताची शुद्धता किंवा वंशाचे श्रेष्ठत्व लिहिलेले नसते. त्यांत लिहिलेले असते ते बालपणी मिळालेले अन्न, भोगलेले आजार, आईचे पोषण, कष्ट, नाती आणि कधीकधी मोजणाऱ्या यंत्राची चूक. आकडा खरा असला तरी त्याचा अर्थ लावणारा माणूसच असतो. तो अर्थ घाईने लावला, तर काय होते, हे द्युती चंद आणि कॅस्टर सेमेन्या यांच्याइतके चांगले दुसरे कोण सांगणार?